तिकडची हवा कशी आहे?

पाचगणीत लॉज चालवणाऱ्या बाईला फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मे महिन्यात त्याचा अर्थ असतो, रात्री पंखा लागतो का. ऑगस्टमध्ये अर्थ असतो, पाऊस किती आहे, धुक्यात काही दिसतं का, टेबललँडवर लेकरांना घोड्यावर बसवता येईल का. 2009 च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न वेगळ्याच अर्थाने यायला लागला, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांबद्दल मी आजवर घराबाहेर फारसं बोलले नाही. आता लिहिते आहे.

आमचा लॉज म्हणजे आमचं घरच. खाली आम्ही राहतो, वर आणि मागच्या अंगाला मिळून सहा खोल्या. सासऱ्यांनी एकेक करून बांधलेल्या. स्वयंपाक आणि बुकिंग माझ्याकडे. आमचे हे पॉइंट दाखवायची टॅक्सी चालवतात. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, तेव्हा गावातल्या एका निवासी शाळेच्या मेसमध्ये कामाला होते. सासूबाई 72 वर्षांच्या, साखरेच्या गोळ्या चालू, पण कान आणि जीभ दोन्ही तल्लख.

हवा हेच आमच्या गावाचं भांडवल. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंची, महाबळेश्वरच्या अलीकडे असल्यामुळे पाऊस तिकडच्यापेक्षा बराच कमी. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात उघडा व्हरांडा, सकस खाणं आणि अंथरुणावर पडून राहणं एवढाच उपचार होता, आणि त्यासाठी लोक इथे येत. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये इथे बेल-एअर सॅनिटोरियम काढलं ते त्यासाठीच. 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजीसुद्धा प्रकृती सुधारायला पाचगणीत येऊन राहिले होते. सासूबाईंचे वडील अशाच एका सॅनिटोरियममध्ये आचारी होते. सासूबाई परकरात असताना त्यांच्या मागे मागे डबे घेऊन जायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे घरात जे निभावलं ते त्यांच्या त्या आठवणींवर निभावलं.

जुलैच्या अखेरीस गावात कुजबुज सुरू झाली. शाळेच्या वसतिगृहात पोरं तापाने पडायला लागली होती. पावसाळ्यात ताप-खोकला नवा नाही, पण या वेळी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असं भराभर चाललं होतं. एका मोठ्या हॉलमध्ये हारीने पलंग, एकच जेवणघर, एकच नळांची ओळ. ताप पसरायला आणखी काय लागतं? भाऊजी रात्री येऊन सांगायचे, "वहिनी, आज भाताचं पातेलं अर्धं परत आलं. पोरं जेवतच न्हाईत." मग कळलं की घशातले नमुने पुण्याला गेले आहेत, आणि काही मुलांचा रिपोर्ट स्वाइन फ्लूचा आला आहे.

स्वाइन फ्लू हा शब्द तोवर पेपरात वाचलेला. मे महिन्यात हैदराबादला अमेरिकेहून आलेल्या एका प्रवाशात देशातला पहिला रुग्ण सापडला होता. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभराची साथ जाहीर केली होती. पण ते सगळं विमानतळावरचं होतं. आमच्या घाटात विमानतळ कुठला? आमच्या घाटात परदेशातून सुट्टी घालवून आलेली पोरं मात्र होती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पालकांच्या गाड्या यायला लागल्या. मुंबईच्या, पुण्याच्या, गुजरातच्या. तीन कुटुंबं आमच्याकडेच उतरली होती. त्यातली एक आई रात्रभर खालच्या ओट्यावर बसून होती, कारण शाळेने तिच्या मुलाला बरा होईपर्यंत सोडायला नकार दिला होता आणि तिला तो फक्त खिडकीतून दिसला होता. ती म्हणत होती, "त्याने हात हलवला, पण तोंडावर फडकं होतं, हसला की रडला ते कळलं नाही." मी तिला आल्याचा चहा दिला आणि शेजारी बसले. तेव्हा माझ्या मनात भीती नव्हती, फक्त वाईट वाटत होतं. भीती आली ती सोमवारी, 3 ऑगस्टला.

त्या दिवशी पुण्यात 14 वर्षांची शाळकरी मुलगी या आजाराने गेली. देशातला पहिला मृत्यू. संध्याकाळपासून टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. नायडू हॉस्पिटलच्या बाहेरची रांग, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, रडणारी पोरं. रात्री आठला पहिला फोन आला बुकिंग रद्द करायचा, नवाला दुसरा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या कुठल्याच लॉजचा त्या आठवड्याचा एकही पाहुणा उरला नाही.

मंगळवारी रात्री बाजारात एका दुकानाच्या माडीवर सगळे जमले. लॉजवाले, टॅक्सीवाले, घोडेवाले, कणसं भाजणारे, चिक्की-जेलीवाले. बाया आम्ही दोघीच. एकाने सुचवलं की नगरपालिकेला सांगून गावातली मोकाट डुकरं आधी उचलायला लावू. दुसऱ्याने खिशातून कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी काढली, ती हुंगली की काही होत नाही म्हणे. तसे मेसेज तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. डुकरांचा या साथीशी काही संबंध उरला नव्हता, ती माणसाकडून माणसाकडेच चालली होती, पण हे तिथे ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं.

खरा विषय वेगळाच होता. 14 ऑगस्ट शुक्रवारी दहीहंडी, 15 ला शनिवार, 16 ला रविवार. जोडून तीन सुट्ट्या. पावसाळ्यात असे तीन दिवस गावाला महिनाभर पोसतात. एक घोडेवाला म्हणाला, "गाडी गॅरेजला लावली तर पेट्रोल पीत न्हाय. घोड्याला रोज हरभरा लागतो." त्याच्यावर कुणी काही बोलू शकलं नाही, कारण ते खरंच होतं. शेवटी एका वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला. खोटं बोलायचं नाही, पण आपण होऊन बोलायचंही नाही. विचारलं तरच सांगायचं, तेही 'शाळेत आहे, गावात नाही' एवढंच. सगळ्यांनी मान हलवली. मीही.

बुधवारी 5 तारखेला नारळी पौर्णिमा. सकाळी नारळीभाताला नारळ खवत होते तेव्हा फोन वाजला. हडपसरहून एक गृहस्थ बोलत होते. पुण्यात राहवत नाही म्हणाले, शेजारच्या सोसायटीत दोन केस निघाल्यात, बायकोला घेऊन शनिवारी चार-पाच दिवस मोकळ्या हवेत यायचं आहे. मग विचारलं, "तिकडे तसं काही नाही ना? हवा चांगली आहे ना?"

त्यांनी विचारलं होतं. म्हणजे ठरल्याप्रमाणेसुद्धा मी सांगायला हवं होतं. माझ्या समोर बुकिंगची लांबडी वही उघडी होती आणि त्या आठवड्याच्या पानावर पेन्सिलीच्या फुल्याच फुल्या होत्या. मी म्हणाले, "इथली हवा छान आहे. या तुम्ही."

त्याच दिवशी दुपारी नणंद वाईहून राखी बांधायला आली. भाऊजींनी हात पुढे केला तेव्हा तीच म्हणाली, "दादा, हात केवढा कढत लागतोय रे तुझा." रात्री 102 ताप. घसा असा धरला होता की पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. अंग ठणकत होतं, खोकला कोरडा. घरात कुणी शब्द उच्चारला नाही. सासूबाईंनी मात्र नातवंडांना आत घेतलं, नणंदेला दुसऱ्या खोलीत झोपवलं, आणि ह्यांना म्हणाल्या, "सकाळी साताऱ्याला न्या त्याला. लपवून ठिवू नगा."

आमच्याच टॅक्सीतून गेलो आम्ही तिघं. मी मागे बसले. चारही काचा खाली, पाऊस आत येत होता, भाऊजींच्या तोंडाला ह्यांचा मफलर. पसरणीचा घाट उतरताना धुक्यामुळे खालचं धोम धरणाचं पाणी दिसत नव्हतं. वाईच्या नाक्यावर ओळखीच्या टॅक्सीवाल्याने हात केला, मग मफलर बघून काच वर केली.

सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती. त्या सोमवारनंतर साध्या शिंकेलाही माणसं तपासायला येत होती. ताप असलेले आणि नुसते घाबरलेले एकाच रांगेत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. मला वाटलं, इथे येताना नसलेल्यालाही हा आजार इथे मिळेल. दीड तासाने एका सिस्टरने ताप असलेल्यांना वेगळ्या व्हरांड्यात काढलं. नमुना घेणं म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं. लांब काडी, टोकाला बोंडासारखा कापूस. एक घशात फिरवली, एक नाकातून आत, किती आत! भाऊजींनी खुर्चीचे हात धरून ठेवले होते. काड्या गुलाबीसर पाण्याच्या नळीत मोडून घातल्या, नळीवर नाव, वय, गाव लिहिलं आणि नळी बर्फाच्या पेटीत गेली. तिथून पुण्याला, राष्ट्रीय विषाणू संस्थेत. रिपोर्ट कधी? डॉक्टर म्हणाले, "पुण्यावर ताण आहे. दोन दिवस, चार दिवस."

मग त्यांनी विचारलं, "घरी वेगळी खोली आहे का? नाहीतर इथे दाखल करावं लागेल."

"सहा आहेत, साहेब," हे म्हणाले. "सगळ्या रिकाम्या."

धाप नव्हती, शुद्ध नीट होती, म्हणून अटी घालून घरी सोडलं. टॅमिफ्लूच्या दहा गोळ्या मिळाल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. त्या वेळी ही गोळी औषधाच्या दुकानात मिळत नव्हती, सरकारी दवाखान्यातूनच मिळायची, त्यामुळे ती पट्टी मी पदरात बांधून आणली. सासूबाईंना मधुमेह म्हणून त्यांनाही दिल्या, रोज एक, दहा दिवस, आजार होऊ नये यासाठी. डॉक्टरांनी सांगितलेलं दुसरं वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, अजून आहे. ताप यायच्या आदल्या दिवसापासून पुढे सात दिवस हा माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. धाप लागली, ओठ निळे पडले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर रात्र असो की दिवस, लगेच निघायचं.

मागच्या अंगाची चार नंबरची खोली भाऊजींना दिली. आता सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. खाट खिडकीशी, खिडकी पूर्ण उघडी, अंगावर दोन घोंगड्या. मी म्हटलं, गार वारा लागेल. त्या म्हणाल्या, "समदे व्हरांड्यात निजायचे गं, थंडीतबी. वारं आत आलं पायजे आन् बाहीर गेलं पायजे." सॅनिटोरियममध्ये प्रत्येक रोग्याचा थुंकायचा झाकणाचा पेला असायचा, तो कसा हाताळायचा, ताटवाटी कशी उकळायची, रोग्याशी बोलताना कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यांनी लहानपणी आपल्या बापाकडून पाहिलं होतं. रोग्याच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. शिंकला की वाऱ्याच्या दिशेने बघायचं. भाऊजींचा पितळी पेला, स्टीलचं ताट आणि वाटी रोज संध्याकाळी बंबाच्या पाण्यात खळखळ उकळायची आणि उन्हं नव्हती म्हणून चुलीशेजारी उभी करून वाळवायची. त्या दाराबाहेर जोत्यावर स्टूल टाकून बसायच्या आणि आतल्या लेकाशी मोठ्याने बोलायच्या. "माणसाला भ्यायचं न्हाय, त्याच्या थुंकीला भ्यायचं," हे त्यांचं वाक्य तेव्हापासून आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे.

त्यांना स्वतःला काही झालं नाही. पुढे डॉक्टरांकडून कळलं की त्या साथीत म्हाताऱ्यांना लागण तुलनेने कमी झाली. त्यांच्या शरीराला जुन्या काळच्या तशाच कुठल्या फ्लूची ओळख होती. फटका बसला तो शाळकरी पोरांना, तरुणांना आणि गरोदर बायकांना.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. आरोग्यसेविका येऊन घरातल्या सगळ्यांची नावं, कुणाला खोकला आहे का, ते लिहून गेली, आणि ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा समोरच्या तिन्ही घरांच्या खिडक्यांत माणसं होती. शुक्रवारी दूधवाल्याने किटली फाटकाला अडकवली आणि हाक न मारता गेला. किराणावाल्याने यादी लांबूनच वाचायला सांगितली. माझ्या मुलीला शिकवणीच्या बाईंनी आठ दिवस येऊ नकोस म्हटलं. यातलं काही चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, त्यांनी अंतर ठेवलं ते बरोबरच होतं. लागलं ते एवढंच की कुणी विचारलं नाही, भाऊजींना आज कसं आहे.

शनिवारी दिवसभर भाऊजींचा ताप उतरत होता, त्या धांदलीत हडपसरचं बुकिंग माझ्या डोक्यातून पार निसटलं. संध्याकाळी सहा-साडेसहाला फाटकापाशी हॉर्न वाजला. धुकं इतकं दाट होतं की गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. मी छत्री घेऊन बाहेर आले. मागचं दार उघडून एक बाई हळूहळू उतरत होती, एक हात दाराला, एक हात पोटावर. सातवा-आठवा महिना असावा. ती मला बघून हसली आणि म्हणाली, "ताई, किती छान गारवा आहे हो इथे."

माझ्या पाठीमागे, वीस पावलांवर, चार नंबरच्या खोलीत भाऊजी खोकत होते.

मी म्हटलं, "तिथेच थांबा. पुढे येऊ नका." मग सांगितलं, सगळं. शाळेतलं, घरातलं, बुधवारी फोनवर लपवलेलंही. ते गृहस्थ आधी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं. हिची अवस्था मी फोनवर बोललो नाही ही माझी चूक. पण मी विचारलं होतं." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी थर्मासमध्ये चहा भरून आणला, फाटकाच्या भिंतीवर ठेवून मागे सरले. त्यांनी तो घेतला नाही, आणि घेऊ नये हेच बरोबर होतं. त्या धुक्यात, त्या बाईला घेऊन, ते परत घाट उतरले. लाल दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी पावसात उभी होते.

रात्री दहाला त्यांच्या नंबरवर फोन लावला. त्या बाईनेच उचलला. "पोचलो," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, उद्या मी 14 ते 16 च्या सगळ्या पाहुण्यांना फोन करणार. हे म्हणाले, माडीवर ठरलंय, गावाशी वैर घेशील. मी म्हटलं, त्या पोरीच्या जागी आपली असती तर? ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण सकाळी चहा झाल्यावर वही स्वतः काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसले.

सहा खोल्या, पाच फोन. प्रत्येकाला तेच सांगितलं. गावातल्या शाळेत मुलांना लागण झाली आहे, आमच्या घरातही एक जण आजारी आहे, रिपोर्ट यायचा आहे, आम्ही आठवडाभर लॉज बंद ठेवतो आहोत, तुमचा ॲडव्हान्स परत करू. डोंबिवलीचे एक जण चिडले, आता आयत्या वेळी दुसरीकडे कुठे जागा मिळणार म्हणाले. एकाने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवून दिला. एकाने मला धीर दिला, तो स्वतः डॉक्टर होता, काय खायला द्यायचं ते सांगत बसला. आणि नाशिकच्या एक आजी होत्या, मुला-नातवंडांना घेऊन दोन खोल्यांत येणार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई गं, सांगितलंस ते बरं केलंस. दिराला जप. बरा झाला की मला फोन कर."

ॲडव्हान्सचे खोलीमागे हजार, म्हणजे सहा हजार परत करायचे होते आणि ते पावसाआधीच पत्र्यांत गेले होते. आमच्या बायकांच्या भिशीत माझा नंबर ऑक्टोबरला होता. ऑगस्टचा नंबर ज्या बाईचा होता तिला फोनवर विचारलं, माझा-तुझा बदलतेस का? तिने कारण विचारलं नाही, तिला माहीत होतंच. तासाभराने पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसाने भिजू नयेत म्हणून वर उलटी वाटी ठेवून, फाटकाच्या भिंतीवर ठेवून गेली. लांबून ओरडून म्हणाली, "जेवण करत जा गं येळेवर!" त्या आठवड्यात भिंतीवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही ठेवलं, पण ती उलटी वाटी अजून डोळ्यांसमोर आहे.

माझे फोन लपून राहिले नाहीत. सोमवारी एक लॉजवाले फाटकाशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही तुमच्या घराचं सांगायचं होतं, गावाचं कशाला सांगितलं? डोंबिवलीवाल्याने सगळ्यांना फोन करून विचारलं, माझ्या दोन खोल्या गेल्या." माझ्याकडे त्याला उत्तर होतं, पण त्यांच्या मुलीची फी, बँकेचा हप्ता मला ठाऊक होता. मी फक्त म्हटलं, शनिवारी माझ्या फाटकातून एक गरोदर बाई परत गेली. ते थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. पुढचे दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत.

त्या आठवड्यात पुण्यात शाळा-कॉलेजं, सिनेमागृहं बंद करायचा आदेश निघाला, मुंबईतही तसंच झालं. त्यानंतर पाचगणीत कुणी काय सांगितलं आणि काय लपवलं याला अर्थच उरला नाही. तीन सुट्ट्यांचे ते तीन दिवस गावात पाऊस आणि आम्हीच होतो. टेबललँडवर एकही घोडा नाही. कणसाच्या गाडीवर निळं प्लॅस्टिक बांधलेलं.

भाऊजींचा रिपोर्ट आला बुधवारी, 12 तारखेला. पॉझिटिव्ह. फोन आला तेव्हा ते खोलीच्या बाहेर जोत्यावर बसून भाकरी-पिठलं खात होते, ताप जाऊन चार दिवस झाले होते. फोनवरच्या माणसाने विचारलं, रुग्णाची प्रकृती कशी आहे? हे म्हणाले, दुसरी भाकरी मागतोय. पुढे लवकरच नियमही बदलले. साधा ताप-खोकला असेल तर ना तपासणी ना गोळी, घरीच राहायचं. ताप जास्त असेल किंवा आधीचा मोठा आजार असेल तर तपासणीची वाट न बघता गोळी सुरू करायची. धाप असेल तर दाखल करायचं आणि मगच नमुना. अ, ब, क असे गट केले होते. तो नियम आठ दिवस आधी आला असता तर साताऱ्याच्या त्या रांगेतली निम्मी माणसं घरी थांबली असती.

शाळेने भाऊजींना डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितला आणि महिनाअखेरीला परत कामावर घेतलं. खिडकीतून हात हलवणारा तो मुलगाही बरा झाला होता. भाऊजी म्हणाले, आता दोन वाट्या भात मागतो.

23 तारखेला गणपती बसले. गल्लीतल्या मंडळाने मांडवाच्या तोंडाशी एक पिंप, तोटी आणि साबणाची वडी ठेवली, हात धुतल्याशिवाय आरतीचं ताट कुणाच्या हातात द्यायचं नाही असं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही आरतीला गेलो नाही, आमच्यामुळे कुणी मागे सरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं भाऊजींना घरातून घेऊन गेली आणि झांजा त्यांच्या हातात दिल्या.

हडपसरला मी नंतर दोनदा फोन केला. तो उचलला गेला नाही. तिचं बाळ कधी झालं, कसं झालं, मला कळलं नाही. दर पौर्णिमेला नारळ खवताना ती आठवते.

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकच्या आजींचा फोन आला. माझ्या फोनची वाट बघून त्यांनीच केला होता. दिराची चौकशी झाली, सासूबाईंची झाली. मग म्हणाल्या, "आता सांग. तिकडची हवा कशी आहे?"

मी सांगितलं. पाऊस गेला आहे, पहाटे गारठा पडतो. मागच्या आठवड्यात शाळेत दोन मुलांना ताप होता, त्यांना वेगळं ठेवलंय, आता उतरलाय. आमच्या गल्लीत महिनाभरात कुणी आजारी नाही. तुमचं वय धरून डॉक्टरांना एकदा विचारा आणि मग ठरवा.

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "तीन खोल्या लिहून ठेव. आणि ॲडव्हान्स कुठे भरायचा तेवढं सांग."